५ टक्के निधी, सहा माणसं आणि ‘बोलणारा टॅब’

सरपंचताई, तुम्ही विचारलं ते थोडक्यात असं. गावात बोलता न येणारी सहा माणसं आहेत. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी ठेवायच्या ५ टक्के निधीत ४०,००० रुपये आहेत आणि ते मार्चअखेर खर्ची पडायला हवेत. एका पुरवठादाराने ‘बोलणाऱ्या टॅब’चं, म्हणजे चित्रावर बोट ठेवलं की आवाज काढणाऱ्या टॅबचं, कोटेशन दिलंय, नगाला १८,००० रुपये. दोन टॅब घ्यावेत, की याहून स्वस्त काही मिळतं?

टॅब घेऊ नका. निदान यंदा तरी नाही. मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करते. शिबिरात वाटलेला टॅब पेटीत कपड्यांखाली जपून ठेवलाय, ही गोष्ट मला इतक्या घरांत दिसली की आता आश्चर्य वाटत नाही. घरच्यांचा त्यात दोष नसतो. टॅब मिळाला, फोटो निघाला, पण तो वापरायचा कसा हे दाखवायला दुसऱ्या आठवड्यात कुणी आलं नाही. त्यातले शब्द त्या घराचे नव्हते, आणि महागाची वस्तू पोराच्या हातात द्यायची आईला भीती वाटली. बोलायचं साधन शंभर-दोनशे रुपयांत बनतं. खरा खर्च असतो तो त्या साधनासोबत वर्षभर बसणाऱ्या माणसाचा, आणि आपल्याकडच्या कोटेशनमध्ये त्या माणसाची ओळच नसते. तुमचे पैसे तिकडे वळवा, एवढंच माझं म्हणणं आहे. कसे, ते पुढे सांगते. आधी ती सहा माणसं, कारण सहाही जणांचं अडलंय वेगवेगळ्या ठिकाणी.

जन्मतः बहिरा असलेला तरुण या यादीतून बाजूला काढा. त्याला चित्रांचा तक्ता देणं म्हणजे मोठ्या माणसाला अंकलिपी देण्यासारखं होईल. त्याला भाषा पाहिजे, आणि ती भारतीय सांकेतिक भाषा. दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने शब्दकोश केलाय, त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट बघता येतात. तो एकटा शिकून उपयोग नाही. घरचे दोघं आणि त्याच्यासोबत कामाला जाणारे दोन मित्र शिकले तर काम होतं. त्याच्यावर तुमचा रुपयाही खर्च होत नाही.

घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले काका. त्यांचं नेमकं काय काढलंय ते डिस्चार्ज कार्डावर बघा. स्वरयंत्र काढलं असेल, म्हणजे गळ्याला कायमचं छिद्र असेल, तर जीभ-ओठ शाबूत आहेत, फक्त आवाज गेलाय. अशा माणसाला गळ्याला टेकवायचं आवाजाचं यंत्र चालतं, किंवा अन्ननलिकेतून आवाज काढायला शिकवता येतं, किंवा सर्जन एक लहानशी झडप बसवतात. या झडपा परदेशी आणि महाग असत. बेंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी ‘ओम’ नावाची अगदी स्वस्तातली झडप तयार केली, ती याच अडचणीतून. पण झडप बसवणं, साफ करणं, ठरावीक काळाने बदलणं हे दवाखान्याशी नातं टिकवून करायचं काम आहे. ज्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं तिथेच तपासणीच्या तारखेला हा विषय काढायला सांगा. आणि खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीमुळे) तोंडाचा कॅन्सर होऊन जीभ किंवा जबडा काढलेला असेल, तर मामला उलटा होतो. आवाज आहे, पण शब्द घडवणारं अवजार गेलं. अशा माणसाला गळ्याचं यंत्र घेऊन देऊ नका, ते पैसे पाण्यात जातील. लिहिता येत असेल तर पाटी किंवा फोन. अँड्रॉइड फोनमधला गूगलचा आवाज मराठी मजकूर वाचून दाखवतो, आणि आयआयटी मुंबईने केलेला ‘स्वरचक्र’ हा मराठी कीबोर्ड फुकट आहे. काकांच्या घरात फोन असेलच. एखाद्या कॉलेजच्या पोराला बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. अवघड जाईल ते वेगळंच: बाजारात, लोकांसमोर फोन काढून बोलायची लाज. तिथे तुम्ही सरपंच म्हणून पुढाकार घ्या. ग्रामसभेत काकांना फोनवरून बोलू द्या आणि ते टाइप करेपर्यंत सगळ्यांना थांबायला लावा.

आता लकवा झालेले दोघं. गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने ८६ गावांमध्ये मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं. म्हणजे हा आता शहरी, श्रीमंती आजार राहिलेला नाही. जे वाचतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची वाचा जाते किंवा बिघडते, आणि त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, त्यातून लहान मुलांनाही लकवा येतो. तुमच्या गावात एखादं पोर अचानक एका बाजूने लुळं पडलं आणि बोलायचं थांबलं, तर बाहेरची बाधा म्हणत बसू नका, तडक जिल्हा रुग्णालय गाठा आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या.

दोघांपैकी कुणाचं काय बिघडलंय हे ओळखणं फार महत्त्वाचं. एकाचं बोलणं बोबडं, जड, न कळणारं झालंय, पण पेपर वाचतो, हिशेब करतो, टीव्हीवरच्या विनोदाला हसतो. त्याची भाषा शाबूत आहे, स्नायू ऐकत नाहीत. दुसऱ्याचं उलट असतं: जीभ चालते, पण शब्द सापडत नाही. ‘पाणी’ म्हणायचं असतं आणि ‘दोरी’ निघतं, आणि वाचणं-लिहिणंही त्यासोबत गेलेलं असतं. याला अफेजिया म्हणतात. घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. तसं नसतं. माणूस तोच असतो, ओळखतो सगळ्यांना.

पहिल्या प्रकारच्या माणसासाठी जगात मिळणाऱ्या महागड्या यंत्रांना लाजवील असं एक साधन आपल्याकडे तयार आहे: वर्णमाला. पूर्ण बाराखडी लिहायला गेलात तर ३६ गुणिले १२, चारशेवर चौकोन होतात, तो तक्ता कामाचा नाही. त्याऐवजी कागदावर रांगा करा. क-ख-ग-घ-ङ ही पहिली, च ची दुसरी, मग ट, त, प, मग य-र-ल-व-श, मग उरलेली अक्षरं. वर स्वरांची एक रांग. खाली मात्रांची: काना, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, ऱ्हस्व-दीर्घ उकार, एक मात्रा, दोन मात्रा, काना-मात्रा, अनुस्वार. आणि कोपऱ्यात दोन चौकोन: ‘शब्द संपला’ आणि ‘चुकलं’. ज्याचं बोट चालतं तो स्वतः दाखवेल. ज्याची फक्त पापणी हलते त्याच्यासाठी समोरच्याने रांगा म्हणायच्या. “क? च? ट? त? प?” प ला पापणी मिटली. “प? फ? ब?” ब ला मिटली. मग मात्रा: “काना? वेलांटी? उकार? एक मात्रा? दोन मात्रा?” मिटली. बै. पुन्हा रांगा, य च्या रांगेत ल. झालं, ‘बैल’. आमच्या एका पेशंटने या पद्धतीने जोडलेला पहिला शब्द हाच होता. घरच्यांनी दवापाण्यासाठी बैलजोडी विकायला काढली होती आणि त्याला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढचं अक्षर ‘न’ आलं तेव्हाच बायको म्हणाली, “नोका विकू म्हणता का जी?” आणि डोळे घट्ट मिटले गेले.

सरावलेली माणसं दोन-तीन अक्षरांतच शब्द ओळखतात. फक्त एक पथ्य सांगा: ओळखलेला शब्द मोठ्याने म्हणून विचारायचा, होकार आल्याशिवाय पुढे जायचं नाही. नाहीतर बोलणारा एक आणि वाक्य दुसऱ्याचं, असं होतं. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मध्ये श्वासनलिकेच्या ऑपरेशनने गेला, तेव्हा संगणक मिळेपर्यंत त्यांचंही बोलणं असंच चाले: समोर अक्षरांचं कार्ड, योग्य अक्षराला भुवई वर.

अफेजियाच्या माणसापुढे हा अक्षरतक्ता ठेवू नका, तो चिडेल नाहीतर रडेल. त्याच्यासाठी वही. वहीत घरच्या माणसांचे फोटो, गावाचा हाताने काढलेला नकाशा, वावराचा नकाशा, कॅलेंडरचं पान, एक ते दहा आकड्यांची पट्टी, शरीराचं चित्र. बोलताना एकावेळी एकच गोष्ट विचारायची, आणि दोन-तीन पर्याय मोठ्या अक्षरांत लिहून किंवा रेखाटून पुढे करायचे: दवाखाना, वावर, पोरीचं घर. शेवटचा पर्याय नेहमी ‘यातलं नाही’. दहा सेकंद थांबायचं. या थांबण्याची सवय लावायला घरात महिना-दीड महिना जातो, कारण आपल्या लोकांना दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची फार घाई.

नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे लहानपणापासून हालचालींवर ताबा नसणं) असलेला मुलगा. तुम्ही लिहिलंय, तो दिवसभर बाजेवर असतो आणि आई म्हणते, “त्याले सगळं समजते, फक्त बोलता येत नाही.” आईवर विश्वास ठेवा. पण बाजेवर झोपलेलं पोर बोलू शकत नाही, साधन कितीही भारी असो. त्याला छताचे टिनच दिसतात. पहिला खर्च सुताराकडे. कोपऱ्यात बसवायची खुर्ची: पाठ सरळ, दोन्ही बाजूंना आधार, पाय लोंबकळणार नाहीत अशी पावलांखाली फळी, पुढे काढता-घालता येईल असा पाट. माप मात्र फिजिओथेरपिस्टकडून घ्या. जिल्हा रुग्णालयात लवकर निदान व उपचाराचं केंद्र असतं, २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचाच तो भाग. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं त्याचं पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे पाठवू शकतं. चिठ्ठी त्या पथकाकडून घ्या.

खुर्चीनंतर होकार-नकार. आईला विचारा, हो म्हणायचं असलं की तो काय करतो. काहीतरी करत असतोच: वर बघतो, जीभ काढतो, हसतो. तेच पक्कं करायचं, आणि घरात, शाळेत, आजीकडे सगळीकडे तेच चालवायचं. हात चालत नसेल तर डोळ्यांनी दाखवायची चौकट करा. पातळ पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट घ्या, पुस्तकाच्या दुप्पट आकाराची, मधोमध हातभर अंतरावरून चेहरा दिसेल एवढी खिडकी कापा, कडा घासून बोथट करा. काच नको. चार कोपऱ्यांना चार चित्रं चिकटपट्टीने लावा. चौकट आपल्या दोघांच्या मध्ये धरायची आणि खिडकीतून त्याच्या डोळ्यांकडे बघायचं. तो ज्या कोपऱ्याकडे बघेल ते त्याचं उत्तर. साहित्य फार तर दोन-तीनशे रुपयांचं. असल्या पोराच्या हातात १८ हजारांचा टॅब दिला तर बोट नेमक्या ठिकाणी पडत नाही म्हणून तो दोन दिवसांत सोडून देईल, आणि गाव म्हणेल, “टॅब देऊनही काही झालं नाही.”

चौकट जमली की मोठा तक्ता, तीस-चाळीस चौकोनांचा. इथे एक गोष्ट कायम चुकते. इंग्रजी तक्त्याची नक्कल करून क्रियापदं मधे ठेवली जातात. आपलं वाक्य ‘मला पाणी पाहिजे’, ‘आई बाजारात गेली’ असं चालतं. म्हणून डावीकडे माणसं, मधे वस्तू आणि ठिकाणं, उजवीकडे पाहिजे, नको, दे, ये, जा, बघ, थांब, अजून, झालं, आवडतं, दुखतं. आणि अगदी शेवटी ‘नाही’ आणि प्रश्नाचा ‘का’. बोट डावीकडून उजवीकडे सरकलं की वाक्य होतं. सगळा तक्ता खाण्यापिण्याने भरू नका. रोजच्या बोलण्यात ‘अजून’, ‘नको’, ‘मी’, ‘काय’, ‘तिकडे’ असले थोडेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते सगळ्यात सोप्या जागी हवेत. चित्रं विकत घेऊ नका. स्पेनच्या आरागोन प्रांताच्या सरकारने ‘आरासाक’ या नावाने हजारो चिन्हचित्रं विनानफा वापरासाठी खुली ठेवली आहेत. ज्याचं चित्र तिथे आपलं वाटत नाही त्याचा फोटो काढा. भाकर, ठेचा, बंडी, पऱ्हाटी, हातपंप, देवीचं ठाणं, त्यांच्याच घरातली शेळी.

शेळीवरून आठवलं: कागदी तक्ता अंगणात ठेवू नका, ती खाते. गंमत म्हणून सांगत नाही. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडून छापून घ्या, पावसाला आणि लाळेला टिकतो, धुता येतो. लहान कार्डं लॅमिनेट करायची असतील तर चकचकीत नको, उन्हात चमक मारते, काहीच दिसत नाही. कापताना चारही बाजूंना प्लास्टिकची कड सोडा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पाणी शिरतं. प्रत्येक तक्त्याच्या तीन प्रती करा: घरी एक, शाळेत एक, एक जपून ठेवायला. आणि फाईल फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवरच न ठेवता पेनड्राइव्हवर घ्या. शब्द दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात.

बदलतात म्हणजे कसे? तान्हा पोळा घ्या. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर जातात, तेव्हा या मुलाला काय बोलायचं असेल? ‘मला भूक लागली’ तर नक्कीच नाही. एका घरी आम्ही आवाज भरता येणारं एक बटण खुर्चीच्या पाटावर चिकटवलं आणि त्याच्या मोठ्या भावाच्या आवाजात भरलं: “माह्या बैलाले बोजारा द्या!” (बोजारा म्हणजे या दिवशी पोरांना मिळणारी बक्षिसी.) कोपराने दाबलं की वाजायचं. पोरगा त्या दिवशी गावभर ढकलत फिरवला गेला आणि नंतर आठवडाभर बटण दाबत बसला. आई वैतागली. मी म्हटलं, वैतागा, बोलणाऱ्या पोरांनाही आपण असंच वैतागतो. सणाच्या दिवसाचं, भांडणाचं, चिडवायचं बोलणं तक्त्यात नसेल तर मूल तक्ता टाकून देतं. मोठी माणसंही टाकतात.

पाच वर्षांची मुलगी, कुणाकडे बघत नाही, एकच खेळ खेळते, बोलत नाही. बहुधा स्वमग्नता (ऑटिझम) असेल, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, आणि आधी कान तपासून घ्यायचे. तिची आजी म्हणते, चित्रं दाखवायची सवय लागली तर पोरगी बोलणारच नाही. ही भीती मला प्रत्येक गावात भेटते आणि शिकल्या-सवरल्या लोकांतही भेटते. २००६ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा एक नावाजलेला आढावा निघाला. त्यातल्या सगळ्यात भक्कम अभ्यासांत २७ जण होते. त्यांच्यातल्या एकाचंही बोलणं साधनामुळे कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंबहुत वाढलंच होतं. आजीला आकडे सांगू नका, एवढंच सांगा: बोलणं आलं तर चित्रं आपोआप सुटतील. या मुलीसाठी मोठ्यांनी स्वतः बोलताना चित्रावर बोट ठेवायचं. “आता पाणी... पाणी पिऊ... झालं, संपलं.” तिच्याकडून म्हणवून घ्यायचं नाही. दिवसातून दहा-वीस वेळा, काही महिने.

एक धोक्याची गोष्ट. कुणी मुलीचा हात धरून तिच्या बोटाने अक्षरं दाखवत असेल आणि “बघा, काय सुंदर लिहिते” म्हणत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. १९९० च्या दशकात ही पद्धत परदेशात फार गाजली, मग कसोट्या घेतल्या तेव्हा दिसलं की लिहिणारा हात धरणाराच होता. आधार द्यायचा तो खुर्चीने, पाटाने द्या. बोट तिचं तिने हलवावं, नाहीतर डोळ्यांनी दाखवावं.

आणि मुलगा असो की मुलगी, तक्त्यावर शरीराचं चित्र, ‘इथे दुखतं’, ‘हात लावू नको’, ‘मला भीती वाटते’, ‘आईला सांग’ हे हवंच. बरेच पालक हे चौकोन काढून टाकायला सांगतात, अभद्र वाटतं म्हणून. काढू नका. बोलता न येणारं मूल सांगणार नाही, हे वाईट माणसाला पक्कं माहीत असतं. आपल्या कायद्यात बोलता न येणाऱ्या व्यक्तीला खुणांनी किंवा लिहून साक्ष देता येते, दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेता येते, आणि तिचं व्हिडिओ चित्रण होतं. पण सांगायला शब्दच नसले तर कायदा काय करणार?

टॅब कायमचा वाईट असं मी म्हणत नाही. तक्त्यावर सहा महिने चांगला चालला, चाळीस चौकोन अपुरे पडायला लागले, की मग त्याचा विचार करा. तेव्हाही विकतचं सॉफ्टवेअर लागणार नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांवर बोलणारं अ‍ॅप फुकट आहे, मराठीतही आहे. अडचण वेगळी असते: घरात एकच स्मार्टफोन, तो बापाच्या खिशात, आणि बाप सकाळी सहाला वावरात. त्यामुळे ‘फोन आहेच की’ हे उत्तर दिवसा खोटं ठरतं. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा टिनाच्या घरात फोन तापून बंद पडतो, आणि वीज जाते ती वेगळीच. म्हणून टॅब असला तरी फ्लेक्सचा तक्ता भिंतीवर राहू द्या. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, यवतमाळच्या पोडांवर (कोलामांच्या वस्त्यांवर) कोलामी बोलणारी घरं आहेत. त्यांच्या भाषेत यंत्राचा आवाज बोलत नाही. तिथे बहिणीचा किंवा भावाचा आवाज भरायचा, तेच चांगलं. वऱ्हाडी घरातही मी तेच करते. ‘मले पाह्यजे’ म्हणणाऱ्या घरात पोराच्या तोंडी पुण्याच्या बातम्यांचा आवाज कशाला?

ज्याला फक्त एखादं बोट हलवता येतं त्याच्यासाठी दोन स्वस्त गोष्टी लक्षात ठेवा. रिमोटची वायरलेस दारघंटी, तीन-चारशे रुपयांची: बटण पेशंटच्या हाताशी, घंटी स्वयंपाकघरात. रात्री बायकोला हाक मारता येणं ही लकव्याच्या माणसाची फार मोठी गरज असते. दुसरी, सेल्फीचं ब्लूटूथ बटण. अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमधल्या ‘स्विच अ‍ॅक्सेस’ला ते जोडलं की एका बटणावर पूर्ण फोन चालवता येतो. दोन्ही तालुक्याच्या मोबाइल दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात.

आता तुमचे ४०,००० रुपये. गावातली बारावी झालेली, बोलकी, पाचही घरांत जिचं जाणं-येणं चालेल अशी एक मुलगी किंवा सून शोधा. तिला महिन्याला २,००० प्रमाणे वर्षाचे २४,००० मानधन. काम: आठवड्यातून एकदा प्रत्येक घरी तासभर बसायचं, तक्ता वापरून दाखवायचा, नवीन शब्द लिहून घ्यायचे, फाटलं-तुटलं बदलायचं. सुताराची खुर्ची आणि पाट ४,०००. फ्लेक्स, लॅमिनेशन, चौकट, वह्या, बटण, दारघंटी सगळं मिळून ६,०००. उरलेले ६,००० दोन गोष्टींसाठी: तपासणीला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं भाडं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा छपाई. या निधीतून मानधन कोणत्या शीर्षाखाली दाखवता येईल, आणि मार्चनंतरच्या महिन्यांचे पैसे मार्चअखेरच्या खर्चात कसे बसवायचे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) शासन निर्णय काढून आधी तपासा. प्रशिक्षण किंवा पुनर्वसन सेवा म्हणून मांडता येतं का ते बघायला सांगा. टॅबचं बिल लावणं त्यांना सोपं जातं, म्हणून ते टॅबकडे झुकतील. तुम्ही जरा नेट लावा.

कागदपत्रांचं थोडक्यात. सहाही जणांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा व भाषा दोष हा स्वतंत्र प्रकार आहे, म्हणजे लकव्याने किंवा ऑपरेशनने वाचा गेलेल्यांनाही अर्ज करता येतो. हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं हात-पाय गेले तरच दिव्यांग. सेरेब्रल पाल्सीचा मुलगा आणि स्वमग्नतेचं निदान झालं तर ती मुलगी, यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो. केंद्राची ‘अ‍ॅडिप’ ही दिव्यांगांना साधनं देणारी योजना १९८१ पासून आहे, तिची शिबिरं तालुक्याला लागली की उत्पन्नाचा दाखला घेऊन जा, व्हीलचेअर वगैरे तिथून घ्या, त्यावर ग्रामपंचायतीचे पैसे घालवू नका. शाळेसाठी गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना भेटा. नऊ वर्षांच्या मुलाचं नाव पटावर असेलच, तो वर्गात बसतो का ते विचारा. परीक्षेत तक्त्यावर बोट ठेवून किंवा डोळ्यांनी उत्तर देऊ द्यावं, असं मुख्याध्यापकांना लेखी द्या.

ठराव लिहिताना ‘साहित्य वाटप’ असा शब्द घालू नका. ‘संवाद साहाय्य, एक वर्ष’ असं लिहा आणि त्याखाली मानधन, साहित्य, प्रवास, पुनर्छपाई अशा चार ओळी ठेवा. जूनमध्ये ग्रामसभेपुढे हिशेब मांडाल तेव्हा किती वस्तू दिल्या ते राहू द्या. प्रत्येक घरातल्या माणसाने गेल्या आठवड्यात स्वतःहून काय सांगितलं, त्याचं एकेक वाक्य मानधनावरच्या त्या मुलीला वाचून दाखवायला सांगा. वाक्य नसेल तर ‘नाही’ लिहायचं, त्या घरी पुढच्या महिन्यात जास्त बसायचं.

तक्त्यांचे कोरे साचे मी तयार करून देते, त्याचे पैसे नकोत. पण शब्द तुमच्याकडून लागतील. त्या मुलीला प्रत्येक घरी एक दिवस सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसवा आणि तिथे खरोखर बोलले जाणारे शब्द वहीत उतरवायला सांगा: कुणाला काय नावाने हाक मारतात, पोरं कशावरून भांडतात, म्हातारा कुणाला शिव्या देतो, गाईचं नाव काय. शिव्याही लिहा. लकव्याच्या त्या दोघांना त्या लागतील.